हा खारीचा वाटा नव्हता

गेल्या महिन्यात आपल्या सभागृहात एका पाहुण्यांचं भाषण झालं. विषय नेहमीचाच, आत्मविश्वास. दावीद आणि गल्याथ झाले, ससा-कासव झाले, आणि मग अचानक पडद्यावर पाठीवर निळा पट्टा असलेली, पिवळ्या गालांची एक पांढरी खार आली. शेजारच्या दोघी मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागल्या. मी तर खुर्चीत सरसावूनच बसले. पाचिरिसू! कॉलेजच्या सभागृहात, मराठी भाषणात, पाचिरिसू!

पाहुणे म्हणाले ते साधारण असं, की 2014 साली एका कोरियन तरुणानं पोकेमॉनमधला सगळ्यात दुबळा प्राणी निवडला, सगळे हसले, पण त्यानं त्या प्राण्यावर विश्वास ठेवला आणि तो जगज्जेता झाला. तेव्हा मुलांनो, तुम्हीही स्वतःवर विश्वास ठेवा. मग आपल्याकडे शोभेल असा शेवट त्यांनी केला, की खारीचा वाटा कधी कमी लेखू नये.

टाळ्या कडकडून झाल्या. मीही वाजवल्या. पण वसतिगृहाचा जिना चढेपर्यंत मला स्वतःच्याच टाळ्यांचा राग यायला लागला होता. गोष्ट खोटी नाही. खार खरी, 2014 खरं, जगज्जेतेपद खरं. पण ती ज्या तऱ्हेनं सांगितली जाते, त्यात खारीचंही काही उरत नाही आणि त्या तरुणाचंही नाही. उरतो तो नुसता चमत्कार.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धा दुहेरी असतात. दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्राणी एका वेळी मैदानात असतात. तुम्ही सहा घेऊन येता, समोरच्याचे सहा बघता आणि त्यातले आपले चार निवडून खेळता. प्रत्येकाला चार मूव्ह येतात, हातात एखादी वस्तू असते आणि अंगात एखादा खास गुण. प्रत्येकाचा एक किंवा दोन टाइप असतात, म्हणजे पाणी, आग, वीज वगैरे. कोणता टाइप कोणावर भारी हे ठरलेलं असतं. दोघेही आपापली चाल गुपचूप ठरवतात आणि मग सगळं एकदम उलगडतं. बुद्धिबळ कमी आणि पत्ते जास्त, असं माझं मत. चुलतभावाला ते मान्य नाही.

पाचिरिसू आली 2006 साली, डायमंड आणि पर्ल या गेममधून. जपानीत ‘पाची पाची’ म्हणजे ठिणग्यांचा तडतड आवाज आणि ‘रिसू’ म्हणजे खार. ठिणग्या उडवणारी खार, झालं नाव. टीव्हीवरच्या मालिकेतही डॉन नावाच्या मुलीकडे एक होती, त्यामुळे गोड म्हणून ती सगळ्यांना ठाऊक. लढाईत मात्र तिला कोणी विचारत नसे. या खेळात प्राण्याची कुवत सहा आकड्यांत मोजतात. पाचिरिसूच्या सहाही आकड्यांची बेरीज 405. त्याच गेममधून आलेला गारचॉम्प हा ड्रॅगन 600 वर आहे. पाचिरिसूचा हल्ल्याचा आकडा 45, गारचॉम्पचा 130. एकेरी खेळणाऱ्या लोकांनी प्राण्यांचे वर्ग पाडले आहेत, त्यात ती वर्षानुवर्षं अगदी तळाच्या वर्गांत. आठ वर्षं अशीच गेली.

पण आकड्यांची बेरीज वाचणं आणि आकडे वाचणं यात फरक असतो, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. पाचिरिसूचे सहा आकडे सुटे वाचा. एचपी 60, हल्ला 45, बचाव 70, विशेष हल्ला 45, विशेष बचाव 90, वेग 95. म्हणजे जे काही कमी आहे ते जवळजवळ सगळं हल्ल्याच्या दोन खात्यांत आहे. तिच्याकडून हल्ला करवायचाच नसेल तर? मग ती तेवढी दुबळी राहते का? स्पर्धेत सगळे प्राणी 50 व्या पातळीवर खेळतात. तिथे पाचिरिसूची सगळी तालीम एचपी आणि बचाव यांत घातली, की एचपी 135 वरून 167 वर जातो आणि बचाव 90 वरून थेट 122 वर. भिंत नाही म्हणणार मी, पण चांगलं जाड दार नक्कीच.

आता 2014 ची परिस्थिती. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे फक्त कालोस या प्रदेशाच्या यादीतलेच प्राणी चालत होते. साडेचारशेच्या आसपास. जुने नावाजलेले कित्येक मदतनीस त्या यादीतच नव्हते. मैदान गाजवत होते दोघे. एक मेगा कांगास्खान, जिच्या पोटपिशवीतलं पिल्लू बाहेर येऊन आईबरोबर दुसरा फटका मारतं. दुसरा टॅलनफ्लेम, आगीचा ससाणा. त्याच्या ‘गेल विंग्ज’ या गुणामुळे त्याच्या उडत्या मूव्ह बाकीच्यांच्या आधी लागत. वेग कितीही असो, तुमचा नंबर त्याच्यानंतर. पुढे 2016 च्या सन आणि मूनमध्ये गेम बनवणाऱ्यांनीच हा गुण छाटला, आता तो एचपी पूर्ण भरलेला असेल तेव्हाच चालतो. यावरून 2014 मध्ये त्यानं किती धुमाकूळ घातला असेल ते समजा.

अशा मैदानात आपल्या मुख्य योद्ध्याला एक-दोन खेळ्या निवांत मिळवून देणारा कोणीतरी लागतो. ‘मला मारा’ म्हणून समोरच्यांचे फटके स्वतःकडे ओढून घेणारा. या कामासाठी बहुतेकांची पसंती होती अमूंगस या विषारी अळिंबीला. पसंती रास्तच होती, शत्रूला झोपवणारी मूव्हही तिच्याकडे आहे. पण अळिंबीवर उडता हल्ला दुप्पट लागतो, आणि टॅलनफ्लेम तर दर दुसऱ्या टीममध्ये. शिवाय ती फटके ओढते ते पावडर उडवून. 2013 च्या एक्स आणि वायपासून गवती प्राण्यांवर पावडर चालतच नाही, आणि सेफ्टी गॉगल्स घातलेल्यावरही नाही. चष्मा घालून आलं की सुटला!

पार्क से-जुन हा दक्षिण कोरियाचा खेळाडू. नवखा नव्हता, त्याआधीही जागतिक स्पर्धेत खेळलेला. त्याच्या टीममध्ये गायराडोस होता. पाण्याचा आणि हवेचा, म्हणून विजेचा एक फटका त्याला चौपट लागतो. टॅलनफ्लेमही होता, त्यालाही वीज दुप्पट. आणि समोरच्यांकडे विजेचे मारेकरी भरपूर असणार, रोटम, झॅपडॉस, मॅनेक्ट्रिक. तेव्हा त्याला लागणारा मदतनीस नेमका कसा हवा? फटके स्वतःकडे ओढणारा, तेही पावडरविना. उडता हल्ला सहज सोसणारा. वीज अंगावर घेतली तरी काही न होणारा. ही तीन वाक्यं कागदावर लिहा आणि साडेचारशे नावांच्या यादीवरून बोट फिरवा. बोट फार ठिकाणी थांबत नाही. ते खारीपाशी थांबतं.

कारण पाचिरिसूला अंड्यातून वारशानं ‘फॉलो मी’ ही मूव्ह मिळते, ती पावडर नाही. ती स्वतः विजेची, म्हणून उडता हल्ला तिला निम्माच लागतो. आणि तिचा दडलेला गुण ‘व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब’. वीज अंगावर पडली तर इजा तर नाहीच, उलट पाव एचपी भरून येतो.

एक खेळी डोळ्यासमोर आणून बघा. अंतिम सामन्यातली नव्हे, समजण्यासाठी मी रचलेली. आपले गायराडोस आणि पाचिरिसू, समोर रोटम आणि टॅलनफ्लेम. गायराडोस मैदानात येतानाच गुरगुरतो, त्यानं समोरच्या दोघांच्या शारीरिक हल्ल्याचा जोर तिसऱ्या हिश्श्यानं उतरतो. रोटमला वाटतं, गायराडोसवर वीज टाकू, एका झटक्यात संपेल. टॅलनफ्लेमही त्याच्यावरच झडप घालायची ठरवतो. पण सगळ्यांच्या आधी खार उभी राहून हात हलवते, इकडे या. ससाण्याची झडप तिच्यावर येते. जोर आधीच उतरलेला, त्यात निम्मी लागते, आणि धडकेचा मार उलट ससाण्यालाच थोडा बसतो. मग रोटमची वीज येते, तीही तिच्यावरच. ती वीज पिऊन खार पुन्हा टवटवीत. आणि एवढं होईतो गायराडोसला एक अख्खी खेळी फुकट मिळालेली असते. या खेळात फुकटची एक खेळी म्हणजे काय, हे एकदा ती गमावल्याशिवाय कळत नाही.

एवढ्यावरच ती थांबत नाही. दुसरी मूव्ह ‘सुपर फँग’. या मूव्हला हल्ल्याचा आकडा लागतच नाही. समोरच्याकडे जेवढा एचपी उरलाय त्याचा निम्मा सरळ जातो. कांगास्खान असो की 600 वाला ड्रॅगन, निम्मा म्हणजे निम्मा. म्हणजे 45 हा आकडा जिथे मोजलाच जात नाही असं हत्यार त्यानं तिच्या हातात दिलं. तिसरी ‘नझल’, गाल घासून हमखास लकवा आणणारी. तेव्हाच्या नियमानं लकवा झालेल्याचा वेग पाववर येई. चौथी ‘प्रोटेक्ट’, एक खेळी स्वतःला झाकून घ्यायची. हातात सिट्रस बेरी, जखमी झाली की थोडा एचपी भरून देणारी. या सगळ्यात एकही गोष्ट हौसेखातर ठेवलेली नाही.

ऑगस्ट 2014 मध्ये वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा झाली. अंतिम फेरीत समोर अमेरिकेचा ज्युडी अझारेली होता. पार्क जिंकला. खार मैदानात आली की प्रेक्षागृहात होणारा गलका आजही त्या व्हिडिओत ऐकू येतो. मी तो कितीदा पाहिलाय ते सांगत नाही, आई हा अंक वाचते.

मग मी काय केलं? जे बहुतेकांनी केलं असणार तेच. शोडाउन नावाचं एक संकेतस्थळ आहे, तिथे कोणतीही टीम मनासारखी बांधून फुकट खेळता येतं. बारावीच्या सुट्टीत मी माझ्या लाडक्या टीममध्ये पाचिरिसू घातली. त्याच चार मूव्ह, तीच बेरी. आणि चुलतभावाकडून सलग सात सामने हरले. सातव्या सामन्यानंतर तो म्हणाला, “ताई, तुझ्या टीममध्ये विजेला घाबरणारं कोणीच नाहीये. ती बिचारी कोणाला वाचवणार?” आणि मग त्यानंच दाखवलं, की भूकंप किंवा दगडांचा वर्षाव यांसारख्या दोघांनाही लागणाऱ्या मूव्ह ‘फॉलो मी’नं ओढल्या जात नाहीत. भूकंप तर विजेच्या प्राण्याला दुप्पट लागतो. गायराडोस आणि टॅलनफ्लेम दोघेही हवेतले, त्यांच्या पायाखाली जमीनच नाही, म्हणून पार्कच्या टीमला ही अडचण निम्मीच होती. माझी सगळी पलटण जमिनीवर उभी. शिवाय समोरच्यानं ‘टाँट’ करून खारीला डिवचलं की तिला ‘फॉलो मी’ वापरताच येत नाही. भावानं ते सातही वेळा केलं. लहान भाऊ असेच असतात.

पाहुण्यांनी सांगितलेल्या दावीदाच्या गोष्टीतला एक भाग त्यांनी वगळला होता, तो मला नंतर आठवला. लढाईला निघण्याआधी शौल राजा दावीदाला स्वतःचं चिलखत आणि टोप चढवतो. दावीद ते घालून बघतो आणि काढून ठेवतो. त्याला त्याची सवय नाही. मग तो ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचतो. गोफण ही मेंढपाळाची रोजची वस्तू, तिचा त्याचा हात बसलेला. त्या सुट्टीत मी गोफण उचलली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी दुसऱ्याचं चिलखत घालून फिरत होते. फक्त ते चिलखत खारीएवढं लहान होतं, म्हणून लक्षात आलं नाही.

पुढचा इतिहास पटकन आटोपतो, कारण तो फारसा नाहीच. पुढच्या वर्षी नियम बदलले, कालोसबाहेरचे प्राणी परत आले, आणि जमिनीचा लँडोरस जिथे तिथे दिसायला लागला. विजेच्या खारीला तो मुळीच सोसणारा नाही. 2016 च्या गेममध्ये लकव्याची धारही उतरली, वेग पावऐवजी निम्मा व्हायला लागला. ज्या टॅलनफ्लेमच्या दहशतीमुळे तिला मोल आलं होतं तोही निवळला. 2022 च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये ती आहे, पण 2014 सारखी जागा तिला पुन्हा मिळालेली नाही. पार्कही हाच आणि पाचिरिसूही हीच, बदलला तो प्रश्न. नुसत्या विश्वासावर जग जिंकता येत असतं, तर 2015 मध्येही जिंकता आलं असतं की.

म्हणून मला ‘खारीचा वाटा’ हा शेवट खटकला. आपल्याकडे आपण हा शब्दप्रयोग नम्रपणे वापरतो. सेतू बांधला वानरांनी, खारीनं वाळूत लोळून अंगाला चिकटेल तेवढी वाळू आणून झटकली. भावना मोठी, काम नाममात्र. आभारप्रदर्शनात आपण म्हणतोच, माझा खारीचा वाटा. पण पाचिरिसूचं काम नाममात्र नव्हतं. ज्या सामन्यात ती उतरे, त्यात चारातली एक ती असे, आणि तिचं काम काढून घेतलं तर गायराडोस उभाच राहत नाही. तिचा वाटा खारीचा नव्हता, चौथा हिस्सा होता, पुरता मोजून घेतलेला. तिला दुबळी म्हणून शाबासकी देणं म्हणजे तिचं काम न बघणंच झालं.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही, म्हणून तर हा लेख मंडळाच्या अंकाला देते आहे, गेमिंग क्लबच्या भिंतीवर चिकटवत नाही. ‘विश्वास ठेव, जिंकशील’ ही गोष्ट ऐकून जो उतरतो आणि हरतो, तो काय समजतो? की आपला विश्वास कमी पडला. सात सामने हरल्यावर मलाही तसंच वाटलं होतं. मी चक्क पाचिरिसूचं चित्र मोबाइलच्या पडद्यावर लावलं होतं, भक्ती वाढावी म्हणून! टीममध्ये विजेला घाबरणारं कोणी नाही, हे सांगायला कोणीतरी भावासारखं लागतं. चमत्काराच्या गोष्टीत तो भाऊ कुठेच नसतो.

माझी रूममेट हे मानत नाही. तिचं म्हणणं सरळ आहे. “अगं, पण साडेचारशे नावांवरून बोट फिरवताना बाकीच्यांचं बोट खारीवरून पुढे का सरकलं? आकडे तर सगळ्यांकडे तेच होते. तिच्यापाशी थांबायलाच आधी थोडी माया लागते.” मी खूप वेळ याला उत्तर शोधलं. पूर्ण सापडलं नाही. गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये कॅरन नावाची एक प्रशिक्षक आहे, ती या आशयाचं बोलते, की सबळ-दुर्बळ हा माणसांचा स्वार्थी समज आहे आणि खऱ्या कसबाच्या माणसानं आवडत्यांना घेऊन जिंकून दाखवावं. कित्येक खेळाडूंना ते तोंडपाठ आहे. रूममेटनंही तेच माझ्या तोंडावर फेकलं. मी एवढंच म्हटलं, की कॅरनच्या बोलण्यात कसब हा शब्दही आहे, तो आपण गाळतो. थांबायला माया लागत असेल, मान्य. पण थांबल्यावर सहाच्या सहा आकडे सुटे वाचावे लागतात, आणि तिच्या शेजारी कोण उभं राहणार हे ठरवावं लागतं. पाहुण्यांच्या भाषणात पहिली गोष्ट होती. दुसरी नव्हती.

“बरं,” ती म्हणाली, “तुझंच खरं. मग सांग, त्या टीममधले बाकीचे पाच कोण?”

मी बोटं मोडत म्हणाले, गायराडोस, टॅलनफ्लेम, गारचॉम्प, गार्डेवॉयर. आणि अडले. एवढा लेख मनात तयार, आणि पाचवं नाव आठवेना. शेवटी रात्री साडेअकराला भावाला फोन केला. तो झोपेतच म्हणाला, “गॉथिटेल. ताई, ठेव आता.”